बुडबुड्यांची वाटणी

एका गावात एक भोळा बाप होता. नाव सुभाना. त्याच्या नाकातून उठता-बसता रक्त यायचं. त्याच्या बापाच्याही यायचं. गावातल्या शहाण्यांचं म्हणणं, अंगात उष्णता आहे, कांदा हुंग. सुभानाच्या थोरल्या भावाने जन्मभर कांदा हुंगला. एक दिवस तो खोकला, रक्ताची गुळणी टाकली आणि गेला. शहाणे म्हणाले, कांदा पांढरा हवा होता.

सुभाना घाबरून तालुक्याला नगरकर डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, तुमच्या घराण्यात रक्तवाहिन्यांचा रोग आहे. फुप्फुसात वाकडी वाहिनी असेल तर ती एक दिवस फुटते. वेळेत कळली तर बुजवता येते. त्यासाठी मिठाचं पाणी घुसळून बुडबुडे करायचे, हाताच्या शिरेतून सोडायचे आणि हृदयाची सोनोग्राफी बघायची. धड फुप्फुस बुडबुडे गाळून टाकतं. ते हृदयाच्या पलीकडच्या बाजूला दिसले, तर फुप्फुसात वाकडी वाट आहे असं समजायचं.

मग बाई म्हणाल्या, श्वास रोखा. सुभानाने रोखला. तेवढ्यात बाईंना फोन आला. त्या बोलून परत येईपर्यंत सुभाना वांग्याच्या रंगाचा झाला होता.

"अहो, सोडा आता. दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. आपलं आपण समजून करायचं."

"बरं," सुभाना म्हणाला.

बाईंनी शिरेत सुई घातली आणि पडून राहायला सांगितलं. थोड्या वेळाने सुभानाला आपलं आपण समजलं की तपासणी झाली. त्याने सुई उपसली, सदरा चढवला आणि एसटी स्टँड गाठलं. कंपाउंडरने त्याला गाडीतून उतरवून परत आणलं.

"आपल्या मनाने काही करायचं नाही," बाई म्हणाल्या. "चार शहाण्यांना विचारायचं."

"बरं," सुभाना म्हणाला.

अखेर तपासणी झाली. बुडबुडे पलीकडे दिसले. शहरातल्या दवाखान्यात वाहिनी बुजवली आणि सुभाना वाचला. बाईंनी बजावलं, हा रोग बापाकडून मुलांकडे येतो, सगळ्या मुलांना घेऊन या.

सुभानाने गावात चार शहाण्यांना विचारलं, बापाकडून येतं ते कुणाला जातं? शहाण्यांना यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. पोरांना जातं, ते म्हणाले. सुभाना दोन्ही पोरांना घेऊन गेला. दोघांचंही फुप्फुस स्वच्छ निघालं.

"एवढीच मुलं?" बाईंनी विचारलं.

"लेक हाय की, मालन. सातवा म्हैना चाललाय. चार पावलं चालली की धापा टाकतीया."

बाई खुर्चीतून उठल्या. "मग तिला का नाही आणलं?"

"तिचा वाटा न्हाई त्यात. लग्नानंतर भावांना जमिनीची हक्कसोड लिहून दिलीया तिनं. अंगठा न्हाई, सही केलीया."

बाईंनी कपाळावर हात मारला. मालन गरोदर आहे, वाहिनी या दिवसांत फुटली तर दोन जीव जातील, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"बापाकडून येतं त्यात मुलीचा सारखा वाटा असतो, कागद काहीही म्हणो," बाई म्हणाल्या. "आणि यात गावातल्या शहाण्यांना विचारायचं नाही."

"बरं," सुभाना म्हणाला आणि तसाच लेकीच्या सासरी धावला.

मालनचे बुडबुडे पलीकडे दिसले, भरपूर दिसले. वाहिनी वेळेत बुजवली. नंतर ती सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. सुभाना नातीला मांडीवर घेऊन खूप रडला.

इथे शहाणा माणूस थांबला असता. सुभाना दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेला आणि विहिरीकडच्या जमिनीत मालनचा तिसरा हिस्सा लावून आला. पोरांनी घर डोक्यावर घेतलं.

"बाईंनी शिकवलंय," सुभाना म्हणाला. "बापाकडनं येतं त्यात पोरीचा सारखा वाटा. कागद काय बी म्हणू दे."

एवढा मोठा मूर्ख पंचक्रोशीत झाला नाही, असं गावातले शहाणे अजून सांगतात, कांदा हुंगत.