पॅसेजमधला दिवा

कुंदा वर्तकांना ऐकू येत नसे, त्यामुळे इमारतीतला आगीचा भोंगा त्यांच्या काही कामाचा नव्हता. पूर्वी भोंगा वाजला की यजमान खांदा हलवून सांगत. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये भोंग्याबरोबर उघडझाप करणारा धोक्याचा दिवा लावा, असा अर्ज कुंदाताईंनी सोसायटीला चौथ्यांदा दिला होता. आता अर्ज लिहायचाही शीण येत होता.

सभेत ओठ वाचता यावेत म्हणून त्या पहिल्या रांगेत बसल्या. अध्यक्ष सबनीस ऐटीत उभे राहिले.

"वर्तकवहिनी, दिवा मंजूर! पण एकच, तळमजल्यावर, सूचनाफलकाशेजारी. सगळ्यांची ये-जा तिथूनच असते. मजल्यामजल्यावर दिवे लावून काय जत्रा भरवायची आहे?"

लोक हसले. कुंदाताई थकल्या आवाजात म्हणाल्या, "भाऊसाहेब, आजच्या सभेची सूचना त्या फलकावर लावली होती ना?"

"चांगली पंधरा दिवस आधी!"

"मग वॉचमन वही घेऊन दारोदार सह्या घेत का हिंडला?"

"अहो, खालचा फलक बघतं कोण?" सबनीस बोलून गेले.



"तेच म्हणते मी. आग लागल्यावर माझ्या दारी वही घेऊन कोण येणार?"

सबनीस खाली बसले. "लिहा हो सेक्रेटरी, दर मजल्याला एक दिवा. वहिनींच्या मजल्यावर कुठे लावायचा, ते त्यांनाच विचारा."

"माझ्या दारावरच्या काचेसमोर," कुंदाताई म्हणाल्या. "उजेड घरात पोचला पाहिजे."