तलावाकाठच्या सायकली

पालिकेने भाड्याच्या सायकली तलावाकाठच्या बागेत ठेवल्या. इस्पितळात आयाचं काम करणाऱ्या आमच्या शेवंतामावशी कुंभारवस्तीतून तिथवर रोज चालत येत, एखाद्या घंटीवरून हात फिरवत आणि समोरच्या इस्पितळात शिरत. त्यांची सायकल लग्नात माहेरीच राहिली होती.

वर्षाने पालिकेचे मोठे साहेब आले; सायकली धूळ खात उभ्या होत्या. "लोकांना सायकल नकोच! उचला सगळ्या."

मावशी घंटीपाशीच उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, उद्यापासून तुमची गाडी इथं ठेवा. घरून इथवर चालत या, मग गाडीत बसा."

"वेड लागलंय का, बाई? इथून माझं ऑफिस समोरच आहे. मग गाडी कशाला?"

"आमचं इस्पितळही समोरच आहे, साहेब."

साहेबांनी कुंभारवस्तीचा रस्ता विचारला. महिन्याभरात सायकली कुंभारवस्तीच्या तोंडाशी आल्या. पहिली घंटी मावशींनी वाजवली, तीस वर्षांनी.