म्हादूनं चोरी साबीत केली

गाव कुठलंही धरा. त्या गावात एक भोळा म्हादू होता. सांगाल ते करायचा, सांगाल तेवढंच करायचा, आणि नको तिथं करायचा.

एकदा भरदुपारी त्याची म्हैस चोरीला गेली. घरात दुभतं जनावर तेवढं एकच. बायको गोदा म्हणाली, "म्हैस आणल्याशिवाय भाकरी मिळायची नाही, सांगून ठेवते!" म्हादू चावडीवर गेला.

"पाटील, केरबानं माझी म्हैस चोरली."

"तू बघितलंस?"

"नाही. शेजारी सांगतात."

"आरं, ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. स्वतःच्या डोळ्यांनी बघशील तेवढंच खरं धर."

म्हादूला पटलं. वाटेत शेजारीण ओरडत आली, "भावजी, पळा! तुमची कडब्याची गंजी पेटली!"

"ऐकीव आहे, वैनी," म्हादू म्हणाला आणि पिंपळाखाली चिलीम ओढत बसला. घरी पोचला तेव्हा बघायला नुसती राख होती. आता मात्र त्याला खरं वाटलं. राख झाडून उकिरड्यावर टाकली आणि पुन्हा चावडीवर.

"पाटील, गंजी कुणीतरी पेटवली."

"चल, जागा बघू."

"झाडून काढली की!"

पाटील वैतागले. "पुरावाच झाडलास, शहाण्या! काही घडलं की हात लावायचा नाही. आहे तसं ठेवायचं. पंच बोलवायचे, पंचनामा करायचा."

हेही पटलं. म्हादू घरी पोचला, तेवढ्यात सासरे म्हशीच्या समाचाराला आले आणि गोठ्यामागच्या शेणखड्ड्यात कमरेएवढे रुतले.

"जावईबापू, हात द्या!"

"हात लावायचा नाही, मामा. आहे तसे राहा," म्हणत म्हादू धावला. पाच पंच जमवायला दोन तास लागले. त्यातला एक तर हजामतीला बसला होता. पंचनामा झाला : सासरे एक, शेणात, गळ्यापर्यंत. पागोटं दीड हातावर.

सासरे बाहेर आले, शिव्या घालत अंग धुतलं आणि तडक आपल्या गावी निघून गेले.

म्हादू पंचनामा घेऊन चावडीवर गेला, तेव्हा पाटील म्हणाले, "सासऱ्याचं सोड, गाढवा. म्हैस शोध. मुद्देमाल चोराच्या गोठ्यात सापडला की चोरी साबीत!"

म्हैस ओढ्याकाठी झुडपात बांधलेली सापडली. आसपास चिटपाखरू नव्हतं. तुम्ही-आम्ही घरी नेली असती. पण म्हादूनं विचार केला, ही इथं सापडून काय उपयोग? तिनं चोराच्या गोठ्यात सापडायला पाहिजे!

त्यानं अख्ख्या गावादेखत म्हैस नेली आणि केरबाच्या गोठ्यात बांधली. केरबा आ वासून बघत राहिला. मग म्हणाला, "दावं जरा घट्ट बांध."

म्हादूनं ते घट्ट बांधलं आणि पंच बोलावले. पाटीलही आले.

"म्हैस इथं कुणी आणली?"

"मी. ह्याच डोळ्यांनी बघितलं."

केरबा लगेच ओरडला, "बघा पाटील! माझी म्हैस ह्यानं चोरली, आता भिऊन परत आणली!"

पाटलांना घाम फुटला. "म्हादू, बाबा, नीट बोल. म्हैस तुझीच ना?"

म्हादूनं डोकं खाजवलं. "बायको म्हणते, सासऱ्यांनी दिली. पण म्हैस घरी आली तेव्हा मी बाजारात होतो. म्हणजे ऐकीवच की!"

पाटलांनी कपाळावर हात मारून घेतला. पंचांनी लिहिलं, म्हादूनं खुशीत अंगठा उठवला.

गोदा दारातच उभी होती. "म्हैस कुठाय?"

"केरबाकडं. पण चोरी साबीत झाली!"

"बरी खोड मोडली मेल्याची! चोर ठरला ना?"

"ठरला की!" म्हादू मिशीवर ताव देत म्हणाला. "मी!"