भन्ते कोणासाठी बसले?

फार पूर्वी डोंगरावरच्या एका विहारात एक म्हातारे भन्ते वर्षावासाला राहिले होते. पावसाळ्यात वाटेवर बारके बारके जीव निघतात. ते पायाखाली चिरडू नयेत म्हणून भिक्खूंनी तीन महिने गावोगाव फिरायचं नाही, एकाच जागी राहायचं, अशी त्यांची रीत.

हे विहाराच्या अंगणातल्या एका गोगलगायीच्या कानावर गेलं मात्र, बाईंचा नूरच पालटला. "भन्ते माझ्यासाठी बसलेत," असं ती अंगणभर सांगत सुटली. तेवढं अंगण फिरायला तिला आठ दिवस लागले, ती गोष्ट वेगळी.

नवव्या दिवशी तिनं गांडुळाला हुकूम सोडला, "अहो भावजी, हे अंगण आता माझं. तुम्ही त्या खडकावर राहायला जा."

"वहिनी, खडकावर मी वाळून मरेन की! आणि भन्ते माझ्यासाठी बसले असले तर?"

"तुमच्यासाठी? तुमचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, हे तरी कुणाला कळतं का?"

भांडत भांडत दोघं विहाराच्या पायऱ्या चढली. "भन्ते, खरं सांगा, आमच्यातल्या कोणासाठी बसलात?"

भन्ते वाकले, डोळे बारीक करून फरशी न्याहाळू लागले. "कोण बोलतंय रे? मला पायाखालचं काही दिसत नाही, बाळांनो. म्हणून तर बसलोय."

मग दोघं परत निघाली, तेव्हा गोगलगाय हळूच म्हणाली, "भावजी, जपून उतरा हो. पायरीवर मुंग्या आहेत."