वाळूखालच्या म्हातारीची भाजी

एकदा काय झालं, वाळूच्या देशात पाऊसच पडला नाही. वाळूचा देश म्हणजे जिकडे बघावं तिकडे वाळू. तिथं धापू नावाची मुलगी राहायची. घरात तापानं निजलेली आई आणि धाकटी बहीण झमकू. मडक्यात दाणा नाही. आई म्हणाली, "पोरींनो, कुठं काही हिरवं मिळतंय का बघा गं. आज पोटात काही गेलं नाही, तर मी काही उठत नाही."

मग दोघी निघाल्या. चालल्या, चालल्या. पहिल्या टेकडीमागे वाळू. दुसऱ्या टेकडीमागे वाळू. तिसऱ्या टेकडीमागे मात्र हिरवंगार! आपल्याकडे घोळीची भाजी असते ना, तशी जाड जाड पानं. नुसती दाट पसरलेली.

झमकू म्हणाली, "ताई, एक रोप मुळासकट नेऊ. दारात लावू. मग रोज भाजी!" आणि तिनं दोन्ही हातांनी रोप उपटलं.

बरं का, तेवढ्यात वारा थांबला. खालून आवाज आला, "माझा केस कुणी उपटला गं?"

ती भाजी म्हणजे वाळूखाली निजलेल्या म्हातारीचे केस होते!

झमकूचे पाय रुतले. आधी घोट्यापर्यंत. धापूनं ओढलं, तर गुडघ्यापर्यंत.

"ताई, खाली कुणीतरी धरलंय! गार गार बोटं आहेत!"

मग धापूनं जवळच्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी वाळूवर ओतलं. "आजी, पाणी पी, पण हिला सोड." म्हातारी घटाघटा प्याली. सोडलं नाही. मग धापूनं हातातल्या लाखेच्या बांगड्या टाकल्या. वाळूनं त्या कडाकडा चावल्या. सोडलं नाही. झमकू कमरेपर्यंत आत गेली. तिला आता रडूही येईना.

धापू म्हणाली, "तिच्याऐवजी मला ने."

"तुलाही नेईन," म्हातारी म्हणाली. "आधी ही."

धापू मटकन खाली बसली आणि तिचा हात पानांवर पडला. पानांत काहीतरी वळवळलं. अळ्या! पानोपानी अळ्या.

"अगं बाई! आजी, तुझ्या डोक्यात केवढ्या उवा झाल्यात!"

मग म्हातारी हळूच म्हणाली, "काढणारं कोण आहे मला?"

मग धापूनं एका हातानं झमकूला धरलं आणि दुसऱ्या हातानं ती अळ्या वेचायला लागली. झमकूच्या उवा ती अशाच काढायची. जरा थांबली, की खालची बोटं आवळायची. म्हणून ती थांबलीच नाही.

"हं... जरा डावीकडे. हं, तिथंच," म्हातारी पुटपुटली.

वेचता वेचता कोवळे शेंडे चिमटीत येत होते, विंचरताना केस गळून यावेत तसे. म्हातारीला कळलंही नाही. मग तिचा आवाज जड झाला. मग वाळू घोरायला लागली. बोटं सैल पडली. धापूनं श्वास रोखला आणि झमकूला अलगद वर काढलं. उपटलेलं रोप होतं तिथं खोचलं. शेंडे ओढणीत बांधले. आणि दोघी ज्या पळाल्या, त्या मागं न बघता.

भाजी खाऊन आई उठून बसली. तेव्हापासून वाळूच्या देशात आधी अळ्या वेचतात, मग नुसते शेंडे खुडतात. मुळाला कुणी हात लावत नाही.

आणि त्या रात्री तिघी पोटभर जेवल्या आणि एकमेकींना बिलगून सुखानं निजल्या. तुम्हीही बिलगा बघू. पाय पांघरुणात घ्या. म्हातारी ना? ती केव्हाच झोपली. आता तुम्ही झोपा.