ठेवायला दिलेलं विरजण

“...आणि माझी सासू परवा तुमच्याकडं कशाला आली होती?”

शैलजाने चप्पल काढायच्या आधीच विचारलं. हिरण्यकेशीच्या काठावरच्या त्या लहानशा मठात लोक आधी वाकतात, मग बसतात, मग बोलतात. ही उभ्याउभ्या उलटतपासणी घ्यायला आली होती.

काशव्वा अक्का ओसरीत बसून एका गाडग्यात दूध ओतत होत्या. मठ त्याच सांभाळत. शैलजा लहानपणी याच ओसरीत त्यांच्यापाशी संतांची वचनं शिकली. पुढे वकील झाली, आणि समोरच्याचा प्रत्येक शब्द उलटा करून बघायची खोड तिला लागली ती लागलीच.

“बस,” अक्का म्हणाल्या.

“बसायला वेळ नाही. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचंय.”

“कशाचं?”

“तुम्हाला ठाऊक नाही? खरंच?”

अक्का दूध ओतत राहिल्या...

मग सांगणं भाग पडलं. छातीतली गाठ कॅन्सरची निघाली होती. केमो सुरू व्हायची होती. त्या औषधांनी रोगाबरोबर पोटातली स्त्रीबीजंही जायची भीती. म्हणून डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, आधी थोडे दिवस इंजेक्शनं घेऊ, बीजं बाहेर काढू आणि गोठवून ठेवू. बरी झाल्यावर मूल हवंसं वाटलं तर ती असतील. पण हो की नाही ते लगेच सांगा. उपचार फार लांबवता येणार नाहीत.

“मग बरं हाय की.”

“हेच! जो तो म्हणतो, बरं आहे. म्हणून तर मला संशय येतो.”

तिने एकेकाला पिंजऱ्यात उभं केलं. नवरा महांतेश, पडद्याचा रंग ठरवायला आठवडा घेणारा माणूस, त्याने ऐकताक्षणी मान डोलावली. सासू गौरव्वा, सुनेने वकिलीपायी मूल लांबवलं म्हणून कायम तोंड वाकडं करणारी, ती हल्ली न मागता तिच्या डोक्याला तेल लावून देते. आणि डॉक्टरीणबाई फारच गोड बोलतात.

“त्यांना मी नकोय, अक्का. बीजं हवी आहेत. मी गेले तरी घराण्याचं अडू नये, अशी सोय करून ठेवताहेत. सासू परवा इथं आली, ती मला समजवा म्हणून सांगायला. हो ना?”

“न्हाई.”

“मग?”

अक्कांनी भिंतीवरच्या फळीकडं बोट केलं. तिथं तोंडाला फडकं बांधलेली लहान गाडगी मांडून ठेवली होती.

त्या गावात एक रीत आहे. घराला कुलूप घालून लांब राहायला जायचं झालं, की बायका घरचं विरजण मठात आणून ठेवतात. अक्का रोज थोडं नवं दूध घालून ते चालू ठेवतात. एकीचं दुसरीच्यात मिसळू देत नाहीत.

“तुझं औषधपाणी हाय तवर सगळीच कोल्हापुरात खोली घेऊन ऱ्हाणार म्हणाली. इरजण ठेवून गेली.”

“एवढंच?”

“एवढंच.”

सरळ उत्तर वकिलाला पचत नाही. शैलजा फळीपाशी गेली.

“यातलं कुठलं?”

“ते कडंचं.”

तिने हात घातला. अक्का उठल्या आणि त्या हातावर एक चापट मारली. चांगली सणसणीत.

“अहो, माझ्याच घरचं आहे!”

“असंल. तू ठेवलंस?”

“मी सून आहे तिची.”

“हाईस की. जिनं ठेवलं तिनंच न्यायचं.”

“महांतेश आला तर?”

“मोकळ्या हातानं जाईल.”

“सासरे आले, दीर आले, गावातली चार मोठी माणसं घेऊन आले तर?”

“ताक पिऊन जातील.”

शैलजाला हसू आलं नाही. तिचा चेहरा ओढला गेला होता.

“आणि ती परत आलीच नाही तर?”

“आंब्याच्या बुडात ओतायचं.”

“दुसऱ्या कुणाला नाही द्यायचं?”

“न्हाई.”

“आली, आणि आता मला नको म्हणाली तर?”

“तरी आंबा हायच.”

...

शैलजा खाली बसली.

“डॉक्टरीणबाई पण हेच सांगत होत्या,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या सहीशिवाय कुणी हात लावणार नाही. मीच ठरवायचं. मला वाटलं, गोड बोलून गुंडाळताहेत.”

अक्का गाडग्याला फडकं बांधत होत्या.

“अक्का... मला मूल हवंय. फार हवंय. कुणापाशी बोलले नाही. बोलले असते तर सगळ्यांनी मला त्या शब्दात बांधून घातलं असतं.”

आणि ती रडली. कोर्टात दुसऱ्यांना रडवणारी बाई, ओढणीचा बोळा तोंडात धरून रडली. अक्कांनी तिला रडू दिलं.

“त्यातून मूल होईलच असंही नाही,” नाक पुसत ती म्हणाली. “तेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय.”

“व्हय. इरजण बी कधीकधी लागत न्हाई.”

“मग? एवढा खटाटोप कशासाठी? मी तर जगणारच नाही.”

“डॉक्टरीण म्हणाली?”

“नाही. त्या म्हणतात, लवकर सापडलंय, बरी होण्याची आशा चांगली आहे. पण त्या तसंच म्हणणार ना! मला आतून कळतंय. मी मरणार.”

अक्कांनी हातातलं गाडगं खाली ठेवलं. ती आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं.

“पोरी, नवऱ्याकडं पुरावा मागितलास, सासूकडं मागितलास, डॉक्टरणीकडं मागितलास, माझ्याकडं बी मागितलास. मरणाचं तेवढं तोंडीच खरं मानलंस?”