पाठमोरा बाप

एकदा एक पंचांगकर्ता आपल्या वृद्ध गुरूंकडे तक्रार घेऊन गेला. तक्रार काय, तर घरातली दोन्ही मुले फार हुशार! ऐकणाऱ्याला हसू यावे. पण त्याच्या मात्र घशाखाली घास उतरत नव्हता.

मुलांना तो घरीच शिकवी. हैमा थोरली, श्रीरंग धाकटा. प्रश्न पुरता विचारून होण्याआधी उत्तर हजर, आणि उत्तरापाठोपाठ भांडणही. एकमेकांच्या पाट्या पुसण्यापर्यंत मजल गेली होती. तेही त्याने सोसले असते. पण हल्ली हैमा येत असलेल्या गणितालाही ‘मला नाही येत’ म्हणून मान खाली घालू लागली होती.

“मी भेदभाव करत नाही, गुरुजी,” तो कळवळून म्हणाला. “एकाने उत्तर दिलं, की दुसऱ्याला लगेच उत्तेजन देतो.”

“उद्या घरी येतो,” गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळचा पाठ मुकाट्याने ऐकला. मग शिष्याला म्हणाले, “आता तू भिंतीकडे तोंड करून बस. वळायचं नाही.”

ज्याच्या शब्दावर गावोगावचे मुहूर्त ठरत, तो विद्वान ओसरीच्या कोपऱ्यात शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला. मुलांना हसू आवरेना.

“अंगणातल्या नारळाची उंची सांगा,” गुरुजी म्हणाले. “झाडावर न चढता.”

श्रीरंग झाडाची सावली मोजून धावत आला. “बाबा, तीस हात!” पाठीने काहीच उत्तर दिले नाही. तो घुटमळला. मग हैमाचा आवाज आला, “अरे, सावली म्हणजे उंची नव्हे. आधी काठीची सावली काठीपेक्षा किती मोठी पडते ते बघू.”

“मग तू मोज, मी काठी धरतो.”

“सरळ धर की रे!”

बापाला वळून पाहण्याचा अनिवार मोह झाला. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“सकाळी मी मुलांकडे नव्हे, तुझ्याकडे पाहत होतो,” ते हळूच म्हणाले. “श्रीरंगने बरोबर उत्तर दिलं, की तू हैमाकडे बघतोस. हैमाने दिलं, की श्रीरंगकडे. तुला ते उत्तेजन वाटतं. पण जिंकणाऱ्याला तुझी नजर मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या वाट्याला येते ती ‘तुझं काय?’ असं विचारणारी. दोघंही उपाशीच राहतात, बाळा; म्हणून तर हैमा येत असलेलं गणितही सोडू लागली. विद्येची गोडी त्यांना आहेच. भांडण आहे ते तुझ्या डोळ्यांसाठी.”

आता वळायला बापाला लाज वाटत होती.

पुढच्या पाठाला श्रीरंगने उत्तर दिले. सवयीने बापाची नजर हैमाकडे निघाली. अर्ध्या वाटेवर त्याने ती आवरली आणि मुलाच्या चेहऱ्यावर स्थिर केली. “वा! कसं काढलंस, सांग बघू.”

श्रीरंग फुलून सांगू लागला. तेवढ्यात हैमा आपला पाट ओढत जवळ येऊन बसली. “बाबा, मी दुसऱ्या रीतीने काढलंय,” ती म्हणाली. “श्रीरंगचं झालं की माझं ऐका.”